विश्लेषण : उडत्या वटवाघळाच्या मेंदूतील नकाशा कसा असतो?

टांझानियाच्या किनाऱ्यापासून साधारण ४० किलोमीटर आत, हिंदी महासागरात लॅथम नावाचे एक छोटे निर्मनुष्य बेट आहे. इस्रायलमधील वाइझमन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी तेथे मुक्काम ठोकला, वटवाघळांना रात्री मोकळ्या आकाशात उडू दिले आणि उडता उडता त्यांच्या मेंदूतील एकेका पेशीची हालचाल नोंदवली. त्याचे निष्कर्ष ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आपण कुठे आहोत आणि कोणत्या दिशेला चाललो आहोत हे मेंदूला कसे कळते, या प्रश्नावर ५० हून अधिक वर्षे संशोधन सुरू आहे. पण त्यातील बहुतेक काम झाले ते प्रयोगशाळेतल्या पेटीत फिरणाऱ्या उंदरांवर. वटवाघळांच्या अभ्यासाने त्या माहितीतला काही भाग पक्का केला आणि काही भाग चक्क नव्याने लिहायला लावला. तो कोणता?

मेंदूत नकाशा असतो, हे कशावरून?

‘मनातला नकाशा’ ही कल्पना अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टोलमन यांनी १९४८ मध्ये मांडली. चक्रव्यूहात सोडलेला उंदीर डावी-उजवी वळणे नुसती घोकत नाही, त्याच्या डोक्यात जागेचे एक चित्र तयार होते, असे त्यांचे म्हणणे होते. पुरावा होता तो उंदराच्या वागण्याचा. मेंदूत डोकावून पाहण्याचे साधन तेव्हा नव्हते.

ते १९७१ मध्ये साधले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये जॉन ओकीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्स्की यांनी उंदराच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात बारीक तारा सोडल्या आणि उंदराला मोकळे फिरू दिले. हिप्पोकॅम्पस हा कानाच्या पातळीवर, मेंदूच्या आत दडलेला वळणदार भाग. स्मरणशक्तीशी त्याचा संबंध आहे हे आधीच माहीत होते. ओकीफ यांना तेथे काही विलक्षण पेशी सापडल्या. उंदीर एका विशिष्ट जागी आला की एक ठरावीक पेशी भराभर विद्युत स्पंद सोडू लागे. तो पुढे गेला की ती गप्प होई आणि दुसरीच एखादी बोलू लागे. या पेशींना ‘प्लेस सेल’ म्हणतात. मराठीत त्यांना स्थान-पेशी म्हणता येईल. ज्या टापूत एखादी पेशी बोलते तो तिचा इलाखा. अशा शेकडो पेशींपैकी या क्षणी कोण बोलते आहे हे पाहिले, की उंदीर पेटीत नेमका कुठे आहे हे त्याच्याकडे न बघता सांगता येते.

पुढे दिशा दाखवणाऱ्या पेशी सापडल्या. डोके ठरावीक दिशेला वळले की त्या चेततात, मग प्राणी कुठेही असो. २००५ मध्ये नॉर्वेतील ट्रॉनहाइम येथे मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्या गटाने हिप्पोकॅम्पसच्या शेजारच्या एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्समध्ये ‘ग्रिड सेल’ म्हणजे जाळी-पेशी शोधल्या. यातली एकच पेशी अनेक जागी चेतते, आणि त्या जागा कागदावर मांडल्या तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी, अगदी नेटकी मांडणी दिसते. जणू मेंदूने जमिनीवर आलेखाचा कागद अंथरला आहे. या कामासाठी २०१४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यातला अर्धा वाटा ओकीफ यांना आणि अर्धा मोझर दाम्पत्याला देण्यात आला.

चित्र देखणे होते. फक्त ते काढले गेले होते साधारण मीटर-दोन मीटरच्या सपाट पेटीत.

मग वटवाघूळच का?

कारण त्याचे जग सपाट नाही आणि लहानही नाही. उडणारा सस्तन प्राणी हा एकटाच. पक्षीही उडतात, पण त्यांच्या मेंदूची रचना वेगळी आहे. वटवाघळाचा हिप्पोकॅम्पस मात्र उंदराच्या आणि माणसाच्या हिप्पोकॅम्पसशी जुळतो. त्यामुळे उंदराशी थेट तुलना करता येते आणि माणसाबद्दल काही अनुमान काढता येते.

या अभ्यासांत प्रामुख्याने वापरले जाते ते इजिप्शियन फळभक्षी वटवाघूळ. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे डोक्यावर छोटे यंत्र घेऊन उडण्याइतका दणकट गडी. वटवाघळे आंधळी असतात हा समज याच्याबाबतीत तर साफ चुकीचा आहे. याची नजर उत्तम असते, आणि शिवाय जिभेने टक-टक असा आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून ते अंधारात अंदाज घेते. महाराष्ट्रातील गुहा आणि पडक्या वास्तूंतून राहणारे एक फळभक्षी वटवाघूळ याच्याच ‘रूसेटस’ या कुळातले, म्हणजे सख्खे चुलतभावंड म्हणावे असे आहे.

त्याची खरी करामत २०११ मध्ये समोर आली. इस्रायली संशोधकांनी या वटवाघळांच्या पाठीवर जीपीएस बसवून त्यांना रानात सोडले. गुहेतून निघालेले वटवाघूळ काहीशे मीटर उंची गाठून जवळपास सरळ रेषेत १२ ते २५ किलोमीटर जात होते आणि एका ठरावीक फळझाडावर उतरत होते. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच झाड. वाटेत तशीच फळे लगडलेली दुसरी झाडे लागत, ती ओलांडून ते पुढे जाई. मग काही वटवाघळांना पेटीत घालून ८४ किलोमीटर दक्षिणेला, त्यांनी कधी न पाहिलेल्या नेगेव वाळवंटात नेऊन सोडले. जी उंच कड्यावरून सुटली ती थेट घराच्या दिशेने निघाली. जी खोल कुंडासारख्या खोऱ्याच्या तळातून सुटली ती बराच वेळ गोंधळून घिरट्या घालत राहिली. दूरवरच्या डोंगर-दिव्यांसारख्या खुणा दिसल्या की वटवाघूळ आपली जागा ठरवू शकते, हा त्यातून निघणारा अर्थ. रोजची वाट पाठ असणे आणि अनोळखी जागेवरून घर शोधणे या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी नकाशा लागतो.

आता मीटरभराच्या पेटीतला हिशोब २० किलोमीटरला लावून पाहिला तर अडचण लगेच लक्षात येते. उंदराच्या एका स्थान-पेशीचा इलाखा काही सेंटिमीटर ते काही डझन सेंटिमीटरचा. एवढ्या छोट्या फरश्यांनी वटवाघळाचे सगळे आकाश मढवायचे तर हिप्पोकॅम्पसमध्ये आहेत त्या पेशी पुरणारच नाहीत.

उडत्या प्राण्याच्या मेंदूतील नोंद घेतात कशी?

सगळी गाडी अनेक वर्षे येथेच अडली होती. उंदराच्या डोक्यातून निघालेली केबल छतापर्यंत नेता येते. वटवाघळाला केबल बांधली तर ते उडणार कसे? त्यामुळे सुरुवातीचे प्रयोग जमिनीवर सरपटणाऱ्या वटवाघळांवरच झाले. २००७ मध्ये नाखुम उलानोव्स्की आणि सिंथिया मॉस यांनी सरपटत्या वटवाघळात स्थान-पेशी असल्याचे दाखवले, तर २०११ मध्ये जाळी-पेशीही सापडल्या.

उलानोव्स्की पुढे इस्रायलमधील रेहोवोत येथे वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये स्थिरावले आणि त्यांच्या प्रयोगशाळेने बिनतारी यंत्रणा तयार केली. केसाहून बारीक चार तारा एकत्र पिळून एक धागा करायचा आणि असे काही धागे शस्त्रक्रिया करून मेंदूत बसवायचे. ते रोज किंचित किंचित खाली सरकवत हव्या त्या थरापर्यंत न्यायचे. चार तारा अशासाठी, की जवळच्या पेशीचा आवाज चौघींना कमी-जास्त ऐकू येतो आणि त्या फरकावरून कोणता स्पंद कोणत्या पेशीचा हे वेगळे काढता येते. गर्दीत चार कोपऱ्यांत चार माणसे उभी केली तर कोण कुठून बोलले हे कळते, तसाच हा प्रकार. डोक्यावरचे छोटे यंत्र ही नोंद रेडिओवरून पाठवते, किंवा अलीकडच्या यंत्रांत जागच्या जागी साठवते. वटवाघळाची जागा खोलीत कॅमेऱ्यांनी आणि मोठ्या अंतरावर रेडिओ-टॅगने काही सेंटिमीटरपर्यंत अचूक मोजली जाते. मग दोन नोंदी एकमेकींवर ठेवायच्या : ही पेशी चेतली तेव्हा वटवाघूळ होते कुठे?

खोलीत उडताना काय दिसले?

मायकेल यार्तसेव आणि उलानोव्स्की यांचा शोधनिबंध २०१३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. साधारण पावणेसहा मीटर लांब, साडेचार मीटर रुंद आणि पावणेतीन मीटर उंच अशी खोली आणि तीत भरकटत उडणारी वटवाघळे. प्रत्येक स्थान-पेशीचा इलाखा हवेत तरंगणाऱ्या फुग्यासारखा निघाला. जमिनीवर काढलेले वर्तुळ तो नव्हता. वटवाघूळ त्या अदृश्य फुग्यात शिरले की पेशी चेते, बाहेर पडले की शांत होई. ९० टक्क्यांहून अधिक पेशींमध्ये लांबी, रुंदी आणि उंची या तिन्हींची नोंद सारख्याच बारकाईने होत होती, आणि वेगवेगळ्या पेशींचे फुगे मिळून सगळी खोली भरून जात होती.

हे महत्त्वाचे होते, कारण त्याच सुमारास उंदरांवरचे प्रयोग वेगळे सांगत होते. खुंट्यांच्या भिंतीवर चढणाऱ्या उंदराच्या स्थान-पेशी उंचीच्या बाबतीत ढिल्या आढळल्या होत्या, म्हणजे त्यांचे इलाखे उभे ताणलेले होते. सस्तन प्राण्याचा मेंदू मुळात सपाट नकाशाच काढतो, उंची हा जोडलेला तपशील असतो, अशी एक शंका त्यातून निघाली होती. वटवाघळाने ती बरीचशी दूर केली. पुढे घनाकृती सांगाड्यात सर्व बाजूंनी चढ-उतार करणाऱ्या उंदरांच्या स्थान-पेशीही सगळी जागा व्यापतात असे २०२० मध्ये दिसले. मात्र तेथे इलाखे सांगाड्याच्या दांड्यांच्या दिशेने लांबट होते. प्राणी कसा हलतो, यावर त्याचा नकाशा कसा असेल हे अवलंबून असावे.

आणखी एक समज येथेच डळमळीत झाला. उंदीर चालत असताना त्याच्या हिप्पोकॅम्पसमध्ये सेकंदाला सहा ते दहा आवर्तनांची एक लय सतत सुरू असते. तिला ‘थीटा’ म्हणतात. जागेचे सगळे गणित या लयीच्या ठेक्यावर चालते, असे सांगणारे सिद्धांत जोरात होते. वटवाघळात ही अखंड लय नाहीच. तरीही स्थान-पेशी आहेत, जाळी-पेशी आहेत आणि वाटही सापडते. एकाच प्राण्याच्या अभ्यासावर सिद्धांत उभा केला की तो त्या प्राण्याच्या सवयींचाच सिद्धांत ठरू शकतो, हा धोका येथे ठळक झाला.

उलटे लटकल्यावर दिशा कोणती?

वटवाघळाबाबत हा प्रश्न विनोदी नाही. छताला उलटे लटकलेले वटवाघूळ आणि जमिनीवरचे वटवाघूळ यांची डावी-उजवी बाजू जगाच्या तुलनेत उलटी होते. होकायंत्राच्या पेशींनी तेव्हा काय करावे? २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात असे आढळले, की वटवाघळाच्या दिशा-पेशी आडव्या दिशेबरोबरच मान किती वर-खाली आणि किती कलती आहे याचीही नोंद ठेवतात. वटवाघूळ उलटे झाले की आडव्या दिशेची नोंद बरोबर १८० अंशांनी फिरते.

याचे गणित थोडे गंमतीचे आहे. दिशा गोलाच्या पृष्ठभागावर मांडल्या, तर पृथ्वीच्या नकाशावर ध्रुव ओलांडताना रेखांश एकदम उडी मारतो तशी अडचण येते. मेदूवड्यासारख्या, मधे भोक असलेल्या आकारावर मांडल्या तर ती येत नाही. सरळ उडता उडता गिरकी घेऊन उलटे लटकणाऱ्या प्राण्याला हेच सोयीचे. वटवाघळाचा मेंदू हाच मेदूवड्याचा पर्याय वापरतो, असे ती १८० अंशांची उलथापालथ सुचवते.

जाळीचे षटकोन हवेत कुठे गेले?

सगळ्यात मोठी उत्सुकता होती ती जाळी-पेशींची. सपाट जमिनीवर षटकोनी मांडणी, मग तीन मितींत काय? गणितज्ञांना उत्तर ठाऊक होते. फळवाला संत्री रचतो तशी : प्रत्येक संत्रे खालच्या संत्र्यांच्या खळग्यात, थरावर थर. गोल वस्तू सर्वांत दाटीने भरण्याची ही पद्धत. मेंदूही अशीच रचना वापरत असेल, असे भाकीत होते. भाकीत इतके सुबक होते, की ते खरे निघावे असे अनेकांना मनापासून वाटत असणार.

गिली गिनोसार, उलानोव्स्की आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये जे प्रसिद्ध केले त्यात संत्र्यांची रास नव्हती. उडत्या वटवाघळाची जाळी-पेशी हवेत अनेक जागी चेतते आणि शेजारच्या दोन जागांतील अंतर साधारण ठरलेले असते. पण सगळ्या जागा मिळून कोणतीही नियमित जाळी बनत नाही. रचलेल्या संत्र्यांऐवजी गोणीत ओतलेली संत्री डोळ्यांसमोर आणावीत. प्रत्येक संत्रे शेजाऱ्याला टेकलेले आहे, म्हणजे जवळच्या जवळ शिस्त आहे. पण गोणीच्या एका टोकाची मांडणी पाहून दुसऱ्या टोकाची सांगता येत नाही. त्याच वर्षी घनाकृती सांगाड्यात फिरणाऱ्या उंदरांच्या जाळी-पेशींतही अनियमित मांडणी आढळली. त्यामुळे ही वटवाघळाची खासियत आहे, असे म्हणून विषय मिटवता येत नाही.

अंतर मोजायला आलेखाचा कागद हवा असे गृहीत धरूनच जाळी-पेशींना ‘मेंदूची मोजपट्टी’ म्हटले गेले होते. षटकोन नसतील तर मोजपट्टी कशाची? संशोधकांचे उत्तर असे : शेजारच्या दोन जागा फार जवळ आल्या की एकमेकींना ढकलतात, फार दूर गेल्या की ओढतात, एवढा एकच नियम धरला तर सपाट पृष्ठभागावर आपोआप षटकोन तयार होतात आणि मोकळ्या हवेत आपोआप गोणीतल्या संत्र्यांसारखी मांडणी होते. म्हणजे षटकोन हा मेंदूने आखलेला आराखडा नसावा. सपाट जमिनीमुळे पडलेला तो आकार असावा. नोबेलच्या कहाणीतील सर्वांत देखण्या चित्राकडे या अभ्यासानंतर थोड्या वेगळ्या नजरेने पाहावे लागते.

२०० मीटरच्या बोगद्याने काय बदलले?

खोली कितीही मोठी म्हटली तरी खोलीच. म्हणून वाइझमनच्या आवारात २०० मीटर लांबीचा एक बोगदा उभारला गेला. दोन्ही टोकांना खाऊ. वटवाघळे या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत. तामिर एलियाव आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०२१ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला, आणि या सगळ्या मालिकेतील सर्वांत धक्कादायक निकाल कदाचित हाच असेल.

जुन्या समजानुसार लहान पेटीत एका स्थान-पेशीला साधारण एक इलाखा. बोगद्यात एकेका पेशीचे अनेक इलाखे निघाले, आणि त्यांचे आकार एकमेकांशी काही नाते नसल्यासारखे. सर्वांत लहान इलाखा ०.६ मीटरचा, सर्वांत मोठा ३२ मीटरचा. एकाच पेशीच्या दोन इलाख्यांत २० पटींपर्यंत फरक. तीच पेशी एका जागी दारापुरती बोलते आणि पुढे गेल्यावर अख्ख्या चाळीभर बोलत राहते.

हे गबाळे वाटते, पण तसे ते नाही. प्रत्येक पेशी फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणते असे समजू. एका पेशीच्या ‘हो’वरून वटवाघूळ तिच्या चार-सहा इलाख्यांपैकी एकात आहे एवढेच कळते. पण शेजारची पेशी त्यातल्या दोनच जागी ‘हो’ म्हणते, तिसरी आणखी वेगळ्या ठिकाणी. थोड्याच पेशींचे हो-नाही एकत्र ठेवले तर त्या जागेचा एक बारकोड तयार होतो, जो दुसऱ्या कोणत्याही जागेशी जुळत नाही. मोठे इलाखे ढोबळ टापू ठरवतात, लहान इलाखे नेमकी जागा. तितक्याच पेशींत ही पद्धत जुन्या पद्धतीपेक्षा मोठ्या जागेची फार अधिक अचूक नोंद ठेवू शकते, असे गणिती विश्लेषणात निघाले. वीस किलोमीटरचे आकाश मर्यादित पेशींत कसे बसवायचे, या अडचणीचे उत्तर येथे दिसू लागते.

सवयीमुळे मेंदू असा घडतो का, हेही तपासले गेले. प्रयोगशाळेतच जन्मलेल्या आणि मोठी जागा कधीच न पाहिलेल्या वटवाघळांतही हीच पद्धत आढळली, तीही बोगद्यातील पहिल्या दिवसापासून.

मेंदू फक्त ‘मी कुठे’ एवढेच सांगतो का?

वाट शोधायची तर आपली जागा कळून भागत नाही, कुठे जायचे तेही लक्षात हवे. २०१७ मध्ये याच गटाला असे आढळले, की हिप्पोकॅम्पसमधील काही पेशी ‘खाऊ कोणत्या बाजूला आहे’ हे सांगतात, तर काही ‘किती अंतरावर आहे’ हे. खाऊची जागा पडद्याआड लपवली तरी त्यातल्या अनेक पेशी चेतत राहिल्या, म्हणजे माहिती डोळ्यांतून येत नव्हती, आठवणीतून येत होती. २०१८ मध्ये एक वटवाघूळ स्थिर लटकून दुसऱ्याचे उडणे पाहत असताना नोंद घेतली गेली. बघणाऱ्याच्या हिप्पोकॅम्पसमध्ये उडणाऱ्याच्या जागेनुसार चेतणाऱ्या पेशी सापडल्या. दुसरा कुठे आहे याचाही नकाशा हिप्पोकॅम्पसमध्ये असतो. त्याच सुमारास जपानमधील संशोधकांनी उंदरांतही असेच काही दाखवले.

त्यापुढचा प्रयोग तर रस्त्यावरच्या वाहनचालकाला लगेच पटेल असा आहे. १३५ मीटरच्या बोगद्यात दोन वटवाघळे समोरासमोरून उडत सोडली. एरवी एकटे उडताना स्थान-पेशी ‘मी बोगद्यात कुठे’ हे सांगत. समोरून दुसरे येते आहे हे लक्षात येताच वटवाघळाच्या जिभेची टक-टक वाढे आणि त्याच पेशी एकदम काम बदलत : आता त्या स्वतःच्या जागेबरोबरच ‘आमच्यात अंतर किती’ हे सांगू लागत. हा बदल १०० मिलीसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागात होऊ शकतो, असे २०२२ च्या शोधनिबंधात म्हटले आहे. एकमेकांना ओलांडून गेले की पुन्हा मूळ काम. अरुंद घाटरस्त्यावर समोरून एसटी आली की चालकाला काही क्षण गाव किती लांब राहिले याचे भान नसते, आरसा आणि साइडपट्टीच दिसते. मेंदूत तेव्हा नेमके काय घडत असावे, याची कल्पना या वटवाघळांवरून येते.

बेटावर काय सिद्ध झाले?

आता पुन्हा लॅथम बेटाकडे. बोगदाही शेवटी माणसाने बांधलेलाच. तेथे चंद्र नाही, तारे नाहीत, वारा नाही. खऱ्या जगात होकायंत्राच्या पेशी कशा वागतात? एक शक्यता अशी होती, की त्या जवळच्या खुणांना चिकटून असतील. म्हणजे बेटाच्या एका टोकाला पेशीची ‘उत्तर’ एक, तर दुसऱ्या टोकाला वेगळी. असे असेल तर ते होकायंत्र नव्हे. दुसरी शक्यता अशी, की आकाशात सरकणाऱ्या चंद्राबरोबर पेशींची दिशाही सरकत जाईल.

दोन्ही घडले नाही. वटवाघूळ बेटाच्या कोणत्याही भागावर असो, दिशा-पेशीची दिशा तीच राहिली. चंद्र आणि तारे जागा बदलत गेले तरी ती बदलली नाही. मात्र हे स्थैर्य पहिल्याच रात्री आले नव्हते. नव्या जागी काही रात्री घालवल्यानंतर पेशींची दिशा पक्की होत गेली. होकायंत्र उपजत असले तरी नव्या मुलखात ते लावून घ्यावे लागते, असा याचा अर्थ घेता येईल. नव्या शहरात रेल्वे स्थानकाबाहेर पडल्यावर पूर्व-पश्चिम कळायला ज्यांना चार दिवस लागतात त्यांना हे वाचून बरे वाटेल.

याचा माणसाशी काय संबंध?

माणसाच्या मेंदूत तारा घालून प्रयोग करता येत नाहीत. अपवाद एकच : औषधांना दाद न देणाऱ्या अपस्माराच्या रुग्णांत, झटके कुठून सुरू होतात हे शोधण्यासाठी शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरच मेंदूत इलेक्ट्रोड बसवतात. अशा रुग्णांना २००३ मध्ये संगणकावर टॅक्सी चालवण्याचा खेळ देण्यात आला. खेळातल्या गावात ते प्रवासी सोडत फिरत असताना त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये जागेनुसार चेतणाऱ्या पेशी दिसल्या. पुढे जाळीसारख्या पेशींच्या खुणाही माणसात मिळाल्या. यंत्रणा एकच आहे, हे त्यामुळे बऱ्यापैकी नक्की आहे.

आणि ही यंत्रणा ढासळते तेव्हा काय होते, हे अनेक घरांनी पाहिले आहे. अल्झायमरमध्ये सर्वांत आधी ज्या भागांना इजा पोहोचते त्यात एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्स आहे, म्हणजे जाळी-पेशींचे घर. नावे विसरण्याच्या आधी किंवा त्याबरोबरच रोजच्या रस्त्यावर चुकणे हे या आजाराचे लक्षण असते, त्याचे एक कारण येथे दिसते. मग वाट शोधण्याच्या चाचणीतून आजार लवकर ओळखता येईल का? त्यासाठी २०१६ मध्ये ‘सी हीरो क्वेस्ट’ नावाचा मोबाइल गेम आणला गेला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील ह्यूगो स्पायर्स आणि सहकाऱ्यांनी तो रचला होता. होडी हाकत, नकाशा लक्षात ठेवत ठिकाणे गाठायची, एवढाच खेळ. जगभरातील ४० लाखांहून अधिक लोकांनी तो खेळला आणि प्रयोगशाळेत कधीच जमली नसती एवढी माहिती जमा झाली.

२०१९ मध्ये त्यातून एक निष्कर्ष निघाला. ‘अपोई-४’ या जनुकप्रकारामुळे अल्झायमरचा धोका वाढतो. हा जनुक बाळगणाऱ्या, पण नेहमीच्या स्मृतिचाचण्यांत पूर्ण ठीक असलेल्या व्यक्तींची खेळातली होडी इतरांपेक्षा लांबचा मार्ग घेत होती. मधले मोकळे पाणी सोडून ती काठाकाठाने जात होती.